पहिल्या रांगेच्याही पुढे : नागपूरच्या मोहल्ल्यातील इमाम

'इमाम' हा अरबी शब्द ज्या धातूपासून बनला त्याच धातूपासून 'समोर' या अर्थाचा 'अमाम' हा शब्दही बनला असून, जो पुढे उभा राहतो आणि ज्याच्या मागे इतर जण उभे राहतात तो इमाम, एवढाच त्याचा मूळ अर्थ आहे. मराठी वाचकाच्या मनात या शब्दासरशी बहुधा भटजींची किंवा पाद्र्याची प्रतिमा उभी राहते. परंतु ही तुलना फार दूरवर नेता येत नाही, कारण सुन्नी इस्लाममध्ये जन्माने मिळणारे पौरोहित्य नाही, दीक्षाविधीने प्राप्त होणारे धर्मपदही नाही, आणि भक्त व ईश्वर यांच्यामध्ये उभा राहून विधी सिद्धीस नेणारा मध्यस्थही नाही. कुरआनाचे शुद्ध पठण करणारा, नमाजेचे नियम जाणणारा आणि आचरणाने विश्वासास पात्र असलेला कोणताही प्रौढ पुरुष जमातीच्या, म्हणजे सामूहिक नमाजेच्या, अग्रभागी उभा राहू शकतो. प्रवासात एकत्र आलेल्या चार जणांतील एक जण नमाजेपुरता इमाम होतो आणि नमाज संपताच पुन्हा चौघांतला एक होतो.

या व्यवस्थेचा स्वभाव नमाजेच्या बारकाव्यांत अधिक स्पष्ट दिसतो. आपल्याकडील मशिदीच्या पश्चिमेकडील भिंतीत जो कोनाडा असतो त्यास मेहराब म्हणतात; इमाम तेथे उभा राहतो आणि त्याच्या मागे 'मुक्तदी', म्हणजे अनुसरणारे, खांद्याला खांदा लावून 'सफ' अर्थात रांगा करतात. इमाम वाकल्यावर सर्वांनी वाकायचे, त्याच्या आधी कोणी डोके उचलायचे नाही. मात्र कुरआनाचे पठण करताना तो चुकला, तर मागच्या रांगेतील जाणकाराने नमाज चालू असतानाच योग्य शब्द उच्चारून त्याला सावरायचे, आणि यालाच 'लुकमा देणे' म्हणतात. नमाज चालू असताना इमामाची वुजू, म्हणजे हातपाय-तोंड धुऊन साधलेली शुद्धता, भंगली, तर तो मागे सरतो आणि मुक्तद्यांपैकी एक जण पुढे येऊन ती नमाज पूर्ण करू शकतो. अधिकार जागेचा आहे, माणसाचा नाही, आणि ती जागा मागे उभ्या असलेल्यांच्या संमतीवर टिकते, ही समजूत या नियमांतून दर दिवशी पाच वेळा घोटली जाते.

हा शब्द मात्र एकाच अर्थाने सर्वत्र वापरला जात नाही, आणि नागपुरात तर त्याचे निरनिराळे अर्थ थोड्याशा अंतरावर नांदताना दिसतात. हनफी विधिपरंपरेचे प्रवर्तक अबू हनीफा यांना 'इमाम' म्हणतात ते थोर शास्त्रकार या अर्थाने. शिया पंथीयांच्या दृष्टीने इमाम म्हणजे पैगंबरांच्या वंशातील, ईश्वरी संकेताने नेमला गेलेला मार्गदर्शक होय. इतवारीत पिढ्यान्‌पिढ्या व्यापार करणारे दाऊदी बोहरा इमाम गुप्तवासात असल्याचे मानतात, त्याच्या वतीने 'दाई' समाजाचे नेतृत्व करतात आणि दाईंनी नेमलेला 'आमिल' गावोगावच्या जमातीचे व्यवहार पाहतो. त्याच बोहरा परंपरेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेगळी झालेली अतबा-ए-मलक ही शाखा नागपुरातील मेहदीबाग येथे वसली. येथे विचार करावयाचा आहे तो या सर्वांहून साध्या माणसाचा, म्हणजे मोहल्ल्यातील मशिदीत पाच वेळा नमाज पढवणाऱ्या 'पेशइमामा'चा.

मराठी मुलखात हे पद नवे नाही. दख्खनच्या गावगाड्यात मुलाणी हा बलुतेदार होता. गावच्या मशिदीची देखभाल करणे आणि बकरे विधिपूर्वक कापणे या कामांबद्दल त्याला शेतमालातून ठरलेला वाटा मिळे. परगण्याच्या ठिकाणी काझीचे वतन असे आणि मशिदीच्या दिवाबत्तीसाठी इनाम जमीन असे. काझी, खतीब, मुजावर, मुल्ला, पेशइमाम ही आज केवळ आडनावे वाटत असली, तरी ती एके काळच्या हुद्द्यांची खूण आहेत. या वतनदारीत उपजीविकेची हमी होती. पण वडिलांचा हुद्दा मुलाकडे जात असल्यामुळे विद्येची खात्री मात्र नव्हती.

नागपूरचा इतिहास या चित्राहून वेगळ्या वाटेने गेला. गोंड राजा बख्त बुलंद शाहने अठराव्या शतकाच्या प्रारंभी वसवलेले आणि पुढे भोसल्यांची राजधानी झालेले हे शहर इंग्रजी अमलात मध्य प्रांताचे केंद्र झाले. शेजारच्या कामठीत १८२१ मध्ये लष्करी छावणी पडली आणि १८५७ च्या उठावानंतर उत्तर भारतातून निघालेली विणकर कुटुंबे, म्हणजे स्वतःस मोमिन किंवा अन्सारी म्हणवणारे लोक, कामठी व नागपूर येथे स्थिरावले. मोमिनपुरा हे नावच त्यांचे आहे. १८७७ मध्ये एम्प्रेस मिल सुरू झाल्यावर हातमागाच्या जोडीला गिरणीची मजुरीही आली. अशा स्थलांतरितांच्या वस्तीत मशीद उभी राहिली ती बहुधा राजाच्या इनामावर नव्हे, तर मोहल्ल्याच्या वर्गणीवर, आणि म्हणूनच तिचा इमाम वतनदार झाला नाही. तो वस्तीने नेमलेला आणि वस्तीने पोसलेला माणूस झाला. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २४ लाख लोकवस्तीच्या नागपूर शहरात मुस्लिमांचे प्रमाण बारा टक्क्यांच्या आसपास होते. मोमिनपुरा, हंसापुरी, टेका, ताजबाग, जाफरनगर अशा एकमेकींहून पुष्कळ वेगळ्या वस्त्यांतून हा समाज पसरलेला असल्यामुळे प्रत्येक ठिकाणच्या इमामापुढे येणारे प्रश्नही एकसारखे नसतात.

त्याच्या दिवसाचा सांगाडा सूर्यावर बेतलेला आहे. पहाटेची फज्र, दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरीची अस्र, सूर्यास्ताची मगरिब आणि रात्रीची इशा या पाच नमाजांच्या वेळा रोज थोड्याथोड्या सरकतात. नागपूर भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या पश्चिमेस असल्याने येथे सूर्य माथ्यावर येण्याचा क्षण सरासरीने घड्याळातील बारानंतर चौदा मिनिटांनी येतो. नोव्हेंबरच्या आरंभी तो बाराच्या किंचित आधी असतो, तर फेब्रुवारीच्या मध्यावर बारा अठ्ठावीसच्या सुमारास, आणि हा क्षण, म्हणजे 'जवाल', टळल्याशिवाय जोहर सुरू होत नाही. दिशेची गोष्टही अशीच लक्षात घेण्याजोगी आहे. मक्का आणि नागपूर जवळजवळ एकाच अक्षांशावर असल्यामुळे किब्ला, अर्थात काबागृहाची दिशा, थेट पश्चिमेस असावी असे नकाशा पाहून वाटते. पण पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा मार्ग पश्चिमेच्या सुमारे आठ अंश उत्तरेकडून निघतो. पूर्वी हे गणित छापील तक्त्यांतून इमामापर्यंत येई, आज ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. त्यामुळे वेळ सांगणारा म्हणून त्याचे महत्त्व कमी झाले असले, तरी दोन ॲपमध्ये चार मिनिटांचा फरक पडला की रोजा कोणत्या मिनिटाला सोडायचा हे लोक अजूनही त्यालाच विचारतात.

अजान देण्याचे काम वास्तविक मुअज्जिनाचे, ज्याला मराठीत बांगी म्हणत. परंतु लहान मशिदीत बांग देणे, सतरंज्या अंथरणे, मुलांना शिकवणे आणि नमाज पढवणे हे सारे एकाच माणसाकडे येते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या काळात ध्वनिक्षेपकास सर्वसाधारणपणे मनाई असून निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि फज्रची अजान वर्षाच्या बहुतेक काळात सहाच्या आधीच येते. याचा अर्थ असा की धर्मशास्त्र शिकून आलेल्या तरुणाला कर्ण्याचा आवाज, पोलिसांची परवानगी आणि शेजाऱ्यांशी बोलणे यांचेही ज्ञान असावे लागते.

हे ज्ञान त्याला कोठे मिळते? इमामांची ढोबळ वर्गवारी तीन प्रकारांत केली जाते : कुरआन पाहून शुद्ध वाचू शकणारा तो 'नाजिरा', कुरआनाचे तीसही पारे, म्हणजे भाग, मुखोद्गत असलेला तो 'हाफिज' आणि धर्मविद्येचा दीर्घ अभ्यासक्रम पूर्ण केलेला तो 'आलिम'. हा अभ्यासक्रम बव्हंशी 'दर्स-ए-निजामी' या नावाने ओळखला जातो. लखनऊच्या फिरंगी महल घराण्यातील मुल्ला निजामुद्दीन यांनी अठराव्या शतकात त्याला आकार दिला आणि त्यात अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिक्ह म्हणजे विधिशास्त्र, हदीस आणि कुरआनाचे भाष्य यांचा समावेश होता. १८६६ मध्ये स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने आणि बरेलीच्या परंपरेतील मदरशांनी तो आपापल्या पद्धतीने स्वीकारला. नागपुरातही हे दोन्ही प्रवाह आढळतात, आणि एखाद्या मशिदीत कोणत्या प्रवाहाचा इमाम असावा हा मोहल्ल्यातील नाजूक प्रश्न असतो. नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा येथे गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने मदरशाच्या जोडीने तंत्रशिक्षण व वैद्यकीय शिक्षणाची महाविद्यालये उभी केली, हे महाराष्ट्रातील महत्त्वाचे उदाहरण होय. तरीही नेहमीच्या अभ्यासक्रमात ज्याची जवळजवळ नोंदच नाही अशा तीन गोष्टी इमामाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागतात, त्या म्हणजे भारतीय कायदा, दुःखी माणसाचे ऐकून घेण्याचे शिक्षण आणि राज्यभाषा मराठी.

यांपैकी कायद्याची गरज सर्वाधिक भासते ती निकाहाच्या वेळी. निकाह हा करार आहे : एका बाजूचा प्रस्ताव, दुसऱ्या बाजूचा स्वीकार, दोन साक्षीदार आणि पतीने पत्नीस द्यावयाचा मेहर ही त्याची अंगे होत. शास्त्रानुसार इमामाच्या उपस्थितीवाचूनही तो होऊ शकतो. परंतु व्यवहारात खुतबा, म्हणजे धार्मिक प्रवचन, वाचणारा, वधूची संमती झाली आहे की नाही हे विचारणारा आणि निकाहनामा भरणारा माणूस इमाम किंवा नायब काझी हाच असतो. १८८० च्या काझी कायद्याने शासनास काझी नेमता येत असला, तरी त्या काझीला न्यायदानाचा कोणताही अधिकार त्या कायद्याने दिलेला नाही. निकाहनाम्यातील एक बारीकशी नोंद येथे मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तत्काळ द्यावयाच्या मेहरला आणि पुढे द्यावयाच्या मेहरला जे दोन अरबी शब्द आहेत ते वेगळ्या अक्षरांनी लिहिले जात असूनही भारतीय उच्चारात दोन्ही 'मुअज्जल' असेच ऐकू येतात. म्हणून दक्ष इमाम त्यापुढे 'नकद' किंवा 'उधार' असा शब्द स्पष्टपणे लिहून घेतो, कारण पुढे घर मोडले तर त्या एका शब्दावर स्त्रीचा हक्क अवलंबून राहू शकतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाहनोंदणी आवश्यक झाली असून, नोंदणीच्या अर्जात विवाह लावणाऱ्याची माहिती व सही लागते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार बालविवाह लावणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. वधूवरांच्या जन्मदाखल्याची मागणी करणे ही अशा स्थितीत आगंतुक चौकशी राहत नाही, ते त्याच्या कामाचे अंग ठरते. आणि मुलीच्या बापाला नाराज करून 'दाखला आणा, मग निकाह पढवतो' असे सांगण्याचे धैर्य ज्या इमामात आहे, त्याने त्या मुलीच्या शाळेची काही वर्षे वाचवलेली असतात.

घर मोडण्याच्या वेळी त्याची भूमिका आणखी अवघड होते. पती-पत्नीत बेबनाव झाल्यास दोन्ही कुटुंबांकडून एकेक मध्यस्थ नेमावा असा कुरआनाचा आदेश आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये शमीम आरा प्रकरणात आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने औरंगाबाद येथील प्रकरणात, योग्य कारण आणि समेटाचा प्रयत्न यांवाचून उच्चारलेला तलाक सिद्ध मानता येत नाही, अशी भूमिका घेतली. २२ ऑगस्ट २०१७ रोजी शायरा बानो खटल्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्दबातल ठरला आणि २०१९ च्या कायद्याने तो तीन वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असा गुन्हा झाला. या कायद्यातील शिक्षेच्या तरतुदीबद्दल समाजात मतभेद आहेत. पण रात्री अकरा वाजता रागाच्या भरात काही बोलून बसलेला नवरा आणि रडत माहेरी निघालेली बायको यांच्यासमोर पहिला येऊन बसतो तो बहुतेक वेळा इमाम असतो. फतवा म्हणजे मुफ्तीने, अर्थात विधिशास्त्रातील विशेष पदवी घेतलेल्या विद्वानाने, दिलेले मत होय. सामान्य इमाम मुफ्ती नसतो, आणि फतव्याला कायद्याचे बंधनकारक बळ नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले. आपले मत कोठे संपते आणि मुफ्तीचे, वकिलाचे किंवा महिला समुपदेशन केंद्राचे काम कोठे सुरू होते हे ज्याला कळते तो चांगला इमाम, असे म्हणण्यास हरकत नाही.

शुक्रवारी दुपारी, जुम्याच्या नमाजेपूर्वी, त्याला आठवड्यातील सर्वांत मोठा श्रोतृवर्ग लाभतो. मिंबर या पायऱ्यांच्या आसनावरून दिला जाणारा खुतबा अरबीत असतो, म्हणून त्याआधी उर्दूत 'बयान' करण्याची प्रथा आहे. नागपूरच्या मुस्लिम घरांतील बोली उर्दू-हिंदीच्या मिश्रणाची असली, तरी मराठी माध्यमाच्या किंवा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेल्या पिढीला बयानातील फारसीप्रचुर उर्दू परकी वाटू लागली आहे, आणि विदर्भातील खेड्यांत तर मराठीच घरची भाषा असलेली मुस्लिम कुटुंबे आहेत. कुरआनाचा मराठी अनुवाद दशकानुदशके उपलब्ध आहे, मराठीतून इस्लामविषयक साप्ताहिक व पुस्तके निघतात, आणि 'मस्जिद परिचय' या उपक्रमातून महाराष्ट्रातील शहरांत इतर धर्मीयांना मशीद आतून दाखवली जाते. तेथे आलेल्या पाहुण्याशी मराठीत बोलू शकणारा इमाम भेटणे ही अद्याप सर्वसामान्य गोष्ट झालेली नाही, आणि ही उणीव भरून काढण्याजोगी आहे.

मृत्यूच्या प्रसंगी त्याची गरज सर्वांत उघडी असते. मृताला घातले जाणारे स्नान म्हणजे गुस्ल, नंतर कफन, मग उभ्यानेच पढली जाणारी जनाजाची नमाज आणि दफन हा क्रम शक्य तितक्या लवकर पूर्ण करावयाचा असतो. करोनाच्या साथीत, एप्रिल-मे २०२० मध्ये, नागपुरातील सतरंजीपुरा व मोमिनपुरा हे भाग प्रतिबंधित क्षेत्र झाले होते आणि रमजानचा महिना त्याच काळात आला होता. प्रार्थनास्थळे बंद होती, रमजानात हाफिज ज्या नमाजेत संपूर्ण कुरआन ऐकवतो ती तरावीह घरीच पढायची होती, अंत्यविधीस वीसच माणसांची परवानगी होती आणि करोनाने गेलेल्याच्या देहाला स्नान घालण्यास आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांनी मनाई होती. स्नानावाचून आप्ताला निरोप देणे हे कुटुंबाला पाप वाटत असताना, संकटकाळात शास्त्र सवलत देते हे अधिकारवाणीने सांगू शकणारा माणूस डॉक्टर नव्हता आणि पालिकेचा अधिकारीही नव्हता. महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा उघडली.

नागपूरच्या इमामाला आणखी एका मोठ्या छायेत काम करावे लागते. कामठीत १८६१ मध्ये जन्मलेले आणि १९२५ मध्ये निवर्तलेले सूफी संत बाबा ताजुद्दीन यांना मनोरुग्णालयातून राजे रघुजीराव भोसले यांनी आपल्याकडे आणले, आणि त्यांच्या ताजबाग येथील दर्ग्यावर आजही सर्व धर्मांचे लोक जातात. दर्ग्याचा अधिकार संताच्या कृपेवर उभा असतो, इमामाचा अधिकार शिकलेल्या पाठावर. नवस बोलायला माणूस ताजबागेत जातो आणि वारसाहक्काचा हिस्सा विचारायला मशिदीत येतो. शहर अशांत होते तेव्हाही लोकांची नजर इमामाकडेच वळते. १७ मार्च २०२५ रोजी नागपूरच्या महाल भागात हिंसाचार उसळला तेव्हा रमजान चालू होता आणि अनेक पोलीस ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली, जी २३ मार्चला पूर्णतः उठली. अशा दिवसांत शांतता समितीच्या बैठकीत प्रशासन ज्यांना बोलावते त्यांत इमाम असतात, आणि ज्याला राजकारणाचे बळ नाही, पोलिसी अधिकार नाही, अशा माणसाने केवळ आपल्या शब्दावर शेकडो तरुणांना घरी थोपवावे अशी अपेक्षा केली जाते.

इतकी ओझी ज्याच्या खांद्यावर आहेत त्याची स्वतःची स्थिती मात्र दुर्बल आहे. मशिदीची कमिटी त्याला नेमते आणि तीच काढू शकते. वेतन मोहल्ल्याच्या चंद्यातून, शुक्रवारच्या गोळकातून निघते. बाकीचा संसार लहान मुलांच्या शिकवण्या, निकाहाची दक्षिणा आणि रमजानातील नजराणा यांवर चालतो. अखिल भारतीय इमाम संघटनेच्या याचिकेवर १३ मे १९९३ रोजी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने, इमामत ही निव्वळ स्वेच्छेची सेवा असल्याने वेतनाचा प्रश्न उद्भवत नाही, हा युक्तिवाद फेटाळला आणि वक्फ, म्हणजे धर्मकार्यासाठी वाहिलेल्या मालमत्ता, पाहणाऱ्या मंडळांमार्फत वेतनाची योजना आखण्यास सांगितले. काही राज्यांत त्यावर काम झाले. महाराष्ट्रात मात्र वक्फची व्यवस्था प्रदीर्घ काळ मुख्यतः मराठवाड्यापुरती होती, उर्वरित भागातील मशिदी सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या होत्या, आणि संपूर्ण राज्यासाठी वक्फ मंडळ स्थापन झाले ते जानेवारी २००२ मध्ये. धर्मस्थळाच्या सेवकाला सरकारी पैसा मिळावा का, हा राज्यघटनेच्या दृष्टीने वादाचा प्रश्न आहे. परंतु मोहल्ल्याने स्वतःच्या इमामाला नियुक्तिपत्र, ठरलेली सुटी आणि भविष्यनिर्वाहाची सोय द्यावी, यासाठी कोणत्याही न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

हे केवळ पोटाचे प्रकरण नाही. ज्याची नोकरी अध्यक्षांच्या मर्जीवर आहे, तो त्या अध्यक्षांच्याच घरच्या लग्नातील हुंड्यावर शुक्रवारी बोलू शकत नाही, आणि वाटणीत बहिणीचा हिस्सा दाबून ठेवणाऱ्या देणगीदाराला तो कुरआनातील वारसाहक्काची आयत ऐकवू शकत नाही. मशिदीला लागून असलेली एक-दोन खोल्यांची 'हुजरा' नावाची जागा त्याला राहण्यास मिळते, पण ती जागा पदाची असते. तो गेला किंवा वारला की काही आठवड्यांत कुटुंबाला ती रिकामी करून द्यावी लागते, कारण नव्या इमामाला तेथे राहायला यायचे असते.